एका हप्त्याचा फरक

२०२३च्या दिवाळीत आमच्याकडे दोन नवे फोन आले. आमच्याकडे म्हणजे वाटणीआधीचं एक घर आणि वाटणीनंतरची दोन, मधे ओसरीची सामाईक भिंत. माझ्या वडिलांना, आप्पांना, मी पुण्याहून मोटो ई१३ मागवून दिला. ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज, ७,९९९ रुपये. धाकटे चुलते, तात्या, यांनी मंगळवेढ्यात दामाजी चौकातल्या एका दुकानातून रेडमी ए२ घेतला. २ जीबी रॅम, ३२ जीबी स्टोरेज, ५,९९९ रुपये. फरक बरोबर दोन हजारांचा.

दोन हजार म्हटलं की आमच्या भागात आधी पीएम किसानचा हप्ता आठवतो. एक हप्ता दोन हजारांचा, वर्षाला तीन, एकूण सहा हजार. तात्यांनी हा हिशेब दुकानातून घरी येईपर्यंत करून टाकला होता. ओसरीवर टेकता टेकता म्हणाले, "सरकारनं वर्षाचं सहा हजार दिलं. मोबाईलला पाच हजार नऊशे नव्व्याण्णव गेलं. ऱ्हायला एक रुपया, त्यात पीक विमा." त्या वर्षी राज्यात एक रुपयात पीक विमा सुरू झाला होता, त्यामुळे सगळे हसलो. मी मनात आणखी एक आकडा मांडला, पण बोलले नाही. फोनवर १८ टक्के जीएसटी असतो. त्या ५,९९९मधले ९१५ रुपये सरकारकडे परत गेले होते.

मग तात्यांनी दोन्ही फोन सतरंजीवर शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाले, "तू त्यातलीच हायस. काय फरक हाय गं पोरी ह्या दोन्हीत?"

वाटणी झालेल्या दोन भावांच्या घरात हा प्रश्न फक्त फोनचा नसतो. आमच्याकडे बांधाच्या अलीकडची ज्वारी आणि पलीकडची ज्वारी अशीच शेजारी ठेवून बघितली जाते. कुणाच्या बुचाडाला पेंढ्या किती, कुणाच्या घरावर स्लॅब आधी पडला, कुणाची म्हैस किती दूध देते. भांडण कुणी करत नाही, पण मोजतात सगळे. त्यात एका घरातली पोरगी इंजिनिअर होऊन पुण्यात नोकरीला लागलेली आणि दुसऱ्या घरातली पोरगी तेव्हा दहावीत. काकी दारातून माझ्याकडे बघत होत्या. "सारखंच आहेत" एवढं मी म्हटलं असतं तर चहा झाला असता आणि विषय संपला असता.

आणि ते बरंचसं खरंही होतं. दोन्हींचा स्क्रीन साडेसहा इंचांच्या आसपास, दोन्हींचं रिझोल्यूशन ७२० बाय १६००. बॅटरी दोन्हींत ५,००० एमएएच. चार्जिंग दोन्हींचं १० वॉटचं, म्हणजे सावकाश. दोन्हींवर अँड्रॉइड १३ची गो आवृत्ती. समोरचा कॅमेरा दोन्हींचा ५ मेगापिक्सेल. दोन्हींना हेडफोनचं भोक आहे, दोन्हींत मेमरी कार्डाला जागा आहे. बोटाच्या ठशावर उघडायची सोय दोन्हींत नाही. ज्वारी हातानं उपटून काढणाऱ्यांच्या बोटांवर ठसे उरतात कुठे? रेशनच्या मशीनवर अंगठा चार-चार वेळा दाबावा लागणाऱ्या माणसांना फोनमध्ये ती सोय नसल्याचं दुःख झालं नाही.

मागचा कॅमेरा रेडमीचा ८ मेगापिक्सेलचा, मोटोचा १३चा. फोनच्या परीक्षणांमध्ये यावर परिच्छेदच्या परिच्छेद असतात. आमच्या घरात कॅमेऱ्याचं महत्त्वाचं काम वर्षातून एक-दोनदा असतं, उभ्या पिकाचा फोटो. ज्वारी ८ मेगापिक्सेलमध्येही ज्वारीच दिसते.

वरवर दिसणारा फरक चार्जिंगच्या पिनचा. मोटोला टाइप-सी, रेडमीला जुनी मायक्रो यूएसबी. शहरात बसून हा मुद्दा किरकोळ वाटतो, कारण तिथं प्रत्येक टेबलावर दोन-दोन वायरी लोंबत असतात. आमच्याकडे त्या दिवाळीत उलटंच झालं. दोन्ही घरांत मिळून पाच-सहा जुन्या वायरी होत्या आणि त्या सगळ्या तात्यांच्या फोनला लागत होत्या. आप्पांच्या फोनला लागणारी एकच, डब्यातून आलेली. पहिले सहा महिने जुनी पिन जिंकली होती. मग पाहुण्यांच्या, दूधवाल्याच्या, सगळ्यांच्याच फोनला टाइप-सी आली. युरोपात २८ डिसेंबर २०२४पासून नव्या फोनला टाइप-सी सक्तीचीच झाली. आज जुनी वायर तुटली तर शोधावी लागते.

चिपचा फरक बाहेरून दिसत नाही आणि डब्यावरचा आकडा तर उलटं सांगतो. रेडमी ए२मध्ये मीडियाटेकची हेलिओ जी३६ आहे, वेग २.२ गिगाहर्ट्झपर्यंत. मोटोमध्ये युनिसॉकची टी६०६, वेग १.६. दुकानदार २.२ मोठा म्हणून दाखवणार आणि गिऱ्हाईक मान हलवणार. पण जी३६मधली आठही गाभे कॉर्टेक्स-ए५३ जातीची आहेत, आर्म कंपनीचं ते २०१२ सालचं डिझाइन. टी६०६मध्ये सहा साधी गाभे आणि दोन कॉर्टेक्स-ए७५ जातीची आहेत, ते डिझाइन २०१७चं.

या दोन जातींत फरक काय, हे मी आप्पांना काढणीच्या भाषेत सांगितलं होतं. ए५३ हा असा गडी आहे की त्याला काम लावून दिलेल्या क्रमानंच करायचं असतं. पेंढी बांधायला आळा संपला, तर कुणीतरी आळा आणून देईपर्यंत तो तसाच उभा. पुढची ज्वारी उभी आहे, हात मोकळे आहेत, पण क्रम मोडायचा नाही. ए७५ हा जाणता गडी. आळा येईपर्यंत तो चार ताटं आणखी उपटतो, आळा आला की मागची पेंढी बांधतो. दोघांचे हात किती झपाझप चालतात यावर सगळं ठरत नाही. आप्पा म्हणाले, "म्हंजी आपल्यात दोन गडी जाणते आणि त्यांच्यात आठबी नवशिके." मी म्हटलं, हळू बोला, भिंत सामाईक आहे.

तरीही चिपनं फारसं बिघडत नाही. ॲप उघडायला दोन सेकंदांऐवजी चार लागली तर आमच्याकडे कुणाची बस चुकत नाही. खरा फरक रॅमचा.

रॅम समजावून सांगताना मी पुण्यात टेबलाचं उदाहरण द्यायचे: स्टोरेज म्हणजे कपाट, रॅम म्हणजे टेबल. मंगळवेढ्यात ते चाललं नाही, कारण टेबलावर बसून काम करणारं आमच्यात मी एकटीच. मग काकींच्या चुलीपुढं बसून सांगितलं. स्टोरेज म्हणजे कणगी आणि रॅम म्हणजे काटवट. कणगीत कितीही ज्वारी असू दे, एका वेळी काटवटीत मावेल तेवढंच पीठ मळता येतं. काटवट लहान असली तर दुसऱ्या पिठाला जागा करायला पहिलं काढून ठेवावं लागतं. काकी लगेच म्हणाल्या, "आणि काढून ठेवलेलं पीठ वाळतंय." मला इतकं नेमकं सुचलं नव्हतं. आजकाल दुकानांत 'व्हर्च्युअल रॅम'च्या पाट्या असतात, तेही मग सोपं झालं. ते म्हणजे कणगीच्या झाकणावर पीठ मळणं. मळता येतं, पण नाइलाज म्हणून.

फोनमध्ये वाळलेलं पीठ म्हणजे काय, ते सांगते. रॅम भरत आली की अँड्रॉइड मागे उघडं ठेवलेलं ॲप बंद करून टाकतं. वापरणाऱ्याला विचारत नाही. तो दोष नाही, रचनाच तशी आहे. तुम्ही परत त्या ॲपवर गेलात की ते पहिल्यापासून सुरू होतं आणि भरलेला फॉर्म, लिहिलेलं अर्धं वाक्य, कुठवर वाचलं होतं ती जागा, यातलं बरंचसं गेलेलं असतं. माझ्या फोनला ८ जीबी रॅम आहे, त्यामुळे मला हे वर्षभरात दिसतही नाही. २ जीबीवर ते दिवसाचं काम आहे.

मी दोन्ही फोनवर एक साधी गोष्ट करून पाहिली. व्हॉट्सॲप उघडलं, मग यूट्यूब, मग ब्राउझरमध्ये सातबारा, मग कॅमेरा, आणि उलट क्रमानं मागे आले. ४ जीबीवर तीन ॲप जिथं सोडली तिथंच सापडली. २ जीबीवर एक. कंपनीचा यात संबंध नाही. मोटो ई१३ २ जीबीचाही ६,९९९ला मिळत होता आणि रेडमी ए२ ४ जीबीचा ७,४९९ला. तात्यांनी तो घेतला असता तर आप्पांच्या फोनपेक्षा पाचशे रुपये वाचवून त्याच पंगतीला बसले असते. म्हणून 'मोटो की रेडमी' हा प्रश्न मला आता निरर्थक वाटतो. आमच्या ओसरीवर स्पर्धा दोन आणि चारची होती.

त्यात 'गो' आवृत्तीची एक गोष्ट आहे, ती आमच्या धंद्यातल्या लोकांनाही फारशी आठवत नाही. २०१७च्या डिसेंबरात गूगलनं अँड्रॉइड गो आणलं ते १ जीबी किंवा त्याहून कमी रॅमच्या फोनांसाठी. स्वस्त फोन चालते राहावेत, हा हेतू. पाच वर्षांनी अँड्रॉइड १३ आलं तेव्हा त्याच गो आवृत्तीची किमान अट २ जीबी झाली होती. तात्यांचा फोन डब्यातून निघाला त्या दिवशीच अगदी उंबऱ्यावर उभा होता. त्यानंतर प्रत्येक ॲपचं प्रत्येक अपडेट त्याला थोडं थोडं बाहेर ढकलत आलं.

बरं, हा फोन घेतला कशाला? गाणी ऐकायला नव्हे. १५ ऑगस्ट २०२१पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी तलाठी वहीत पीक लिहायचा. आता शेतकऱ्यानं स्वतः रानात उभं राहून, ॲपमध्ये पीक भरून, फोटो काढून पाठवायचा, मग ते सातबाऱ्यावर चढतं. विम्याला आणि नुकसानभरपाईला ती नोंद लागते. जून २०२३मध्ये पीएम किसानच्या ॲपमध्ये चेहरा दाखवून ई-केवायसी करायची सोय आली, ठसे न उमटणाऱ्यांसाठी ती बरीच झाली. पण त्यासाठी आधारचं चेहरा ओळखणारं आणखी एक ॲप फोनमध्ये लागतं. म्हणजे सहा हजार मिळवायला फोन, आणि फोन घ्यायला सहा हजार. २०२३चा ऑगस्ट देशात १९०१पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. आमची ज्वारी रब्बीची, काळ्या जमिनीतल्या ओलीवर येणारी. जमिनीत ओलच नाही तर पेरायचं कशावर? त्या वर्षी ई-पीक पाहणीची नोंद कुणीच हलक्यात घेतली नाही.

जानेवारीत हुरड्याला घरी गेले तेव्हा दोन्ही फोन घेऊन रानात गेलो. गंमत म्हणजे इथं दोन्ही फोन सारखेच. रानाच्या पलीकडच्या टोकाला नेटवर्क जेमतेम. उपग्रह आपापली जागा सांगत असतात, पण सेकंदाला फक्त ५० बिट या वेगानं. एका उपग्रहाची पूर्ण माहिती पोचायला ३० सेकंद लागतात, मधेच काही चुकलं की पुढच्या फेरीची वाट बघायची. नेट असेल तर फोन हीच माहिती मोबाईलच्या जाळ्यावरून क्षणात उचलतो, म्हणून शहरात आपल्याला जीपीएस लगेच लागतं असं वाटतं. तात्या लिंबाच्या सावलीत उभे राहून फोन हलवत होते. त्यांना उघड्यावर आणलं, घरून निघतानाच ॲप उघडून ठेवायला सांगितलं, आणि मिनिटभर एका जागी उभं राहायला. काम झालं. दुसरी युक्ती ओटीपीची. ओटीपी बघायला मेसेजच्या ॲपमध्ये जायचंच नाही, नाहीतर मागचा फॉर्म पुसला जाण्याची भीती. वरून पडदा खाली ओढायचा, तिथंच आकडे वाचायचे, पडदा वर सारायचा. २ जीबीचा फोन असलेल्या प्रत्येकाला हे सांगावं असं मला वाटतं, आणि गंमत अशी की बऱ्याच जणांनी ते आपलं आपण शोधून काढलेलं असतं.

इथपर्यंत दोन हजारांचा फरक तात्यांना फारसा जाणवला नव्हता. आणि न जाणवणं बरोबरच होतं. त्यांना फोन, व्हॉट्सॲप, रात्री जरा बातम्या. तो फरक जिला जाणवत होता तिनं काही विचारलंच नव्हतं.

माझी चुलतबहीण, घरातली धाकटी. फोनच्या परीक्षणांमध्ये एका फोनला एक माणूस धरलेला असतो: 'हा फोन विद्यार्थ्यांसाठी', 'हा ज्येष्ठांसाठी'. तात्यांच्या फोनला चार माणसं होती. सकाळी साडेसहाला तो तात्यांच्या खिशातून रानात जायचा. दुपारी घरी आला तर काकींच्या माहेरचा व्हिडिओ कॉल. संध्याकाळी धाकट्या भावाचा अर्धा तास, आणि जेवणं झाल्यावर, साडेआठनंतर, धाकटीचा. क्लासच्या ग्रुपवर चार वाजता आलेली प्रश्नपत्रिका तिला साडेआठला दिसायची. तोवर घरातल्या इतर तिघांच्या वाटची काटवट वापरून झालेली आणि कणगीही भरलेली.

कणगीचा प्रश्न आधी आला. ३२ जीबीतली बरीच जागा अँड्रॉइड आणि बरोबर आलेली ॲप स्वतःच घेतात. उरलेल्यात गुड मॉर्निंगचे फोटो, कीर्तनाचे व्हिडिओ, लग्नांची निमंत्रणं. दुष्काळात भुकेल्यांसाठी सरकारी कोठार उघडून देणाऱ्या दामाजीपंतांच्या गावात फोन रोज एकच सांगत होता, कोठार भरलंय. मग धाकटी काहीतरी काढून टाकायची. तात्यांचे फोटो पुसायची सोय नव्हती, कीर्तनं आजीची. पुसलं जायचं तिचंच. ई-बालभारतीवरून उतरवलेली पाठ्यपुस्तकं, क्लासचे पीडीएफ. परीक्षेआधी पुन्हा उतरवायची, नंतर पुन्हा पुसायची. हे मला कळलं ते २०२४च्या उन्हाळ्यात, तिची दहावी झाल्यावर, तेही सहज. मी विचारलं, "भूमितीचं पुस्तक आहे का फोनमध्ये?" ती म्हणाली, "आता न्हाय ताई. सोमवारी होतं."

मी पुण्यात ॲप बनवणाऱ्या एका टीममध्ये काम करते. आमच्या टेस्टिंगच्या कपाटात सगळ्यात गरीब फोन ६ जीबीचा आहे. त्याला आम्ही 'लो-एंड' म्हणतो. नवं वैशिष्ट्य घालताना रॅम किती वाढली हा प्रश्न बैठकीत निघतो, आणि 'आजकाल सगळ्यांकडे ८ जीबी असते' असं कुणीतरी म्हणतं, आणि पुढचा मुद्दा येतो. त्या 'सगळ्यां'मध्ये कोण कोण आहे हे कुणी विचारत नाही. विचारायला हवं. माझा अनुभव असा की विचारलं तर लोक ऐकतात. गेल्या वर्षी २ जीबीचा एक फोन कपाटात आला, आणि पहिल्याच आठवड्यात आमचा फॉर्म ओटीपीसाठी बाहेर जाऊन आल्यावर रिकामा होतो हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. भरलेलं मधेच जपून ठेवायला जेमतेम दोन दिवसांचं काम लागलं. मराठीत अक्षरं मोठी केली की 'पुढे जा'मधला 'जा' बटणाबाहेर पडतो, हेही तिथंच दिसलं. ते अजून व्हायचंय.

पण मंगळवेढ्यात मी काय करणार होते? नवा फोन घेऊन दिला असता तर तात्यांनी घेतला नसता. वाटणीनंतर त्यांनी भावाकडून एक पोतंसुद्धा उसनं घेतलेलं नाही, भावाच्या पोरीकडून फोन घेतील? आईनं तिच्या पद्धतीनं तोडगा काढला, "फोनच बदला. ह्यांना काय लागतंय? हरिपाठ आणि हवामान." हिशेब म्हणून ते अगदी बरोबर होतं. आप्पा नऊला झोपतात, आणि नऊनंतर आमच्या ओसरीवर ४ जीबी रॅम खुंटीखाली चार्जिंगला पडून असते, भिंतीच्या पलीकडे २ जीबीत अकरावीचं फिजिक्स. पण दोन भावांनी फोन बदलायचे म्हणजे कुणाचा चांगला हे चारचौघांत कबूल करायचं. आप्पा लगेच तयार झाले, आणि म्हणूनच तात्या झाले नसते.

मग मी धाकटीला मेमरी कार्ड दिलं. ६४ जीबीचं, नखाएवढं. रॅम वाढवता येत नाही, ती बोर्डावर जोडूनच आलेली असते. कणगी मात्र वाढवता येते, आणि दोन्ही फोनांत कार्डाला वेगळी जागा आहे. पोरीला अभ्यासाला दिलेल्या वस्तूवर तात्यांचं काही म्हणणं नव्हतं, पुस्तकासारखंच ते. तिनं त्यावर स्वतःचं नाव असलेलं फोल्डर केलं आणि विषयवार पुस्तकं भरली. 'पुसू नये' असं आणखी एक फोल्डर केलं, ते बहुतेक भावासाठी.

पुढची युक्ती तिची. कार्ड फोनचं नाही, तिचं आहे, हे तिच्या माझ्या आधी लक्षात आलं. काही दिवसांनी ती नऊच्या सुमारास आमच्या ओसरीवर यायला लागली. "मोठ्या काकी, पिन द्या." आई बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढून देते. धाकटी आप्पांच्या फोनचा तो छोटा ट्रे बाहेर काढते, आपलं कार्ड बसवते, आणि अकरापर्यंत ४ जीबीवर अभ्यास करते. पीडीएफ उघडं ठेवून व्हिडिओ बघायचा, व्हिडिओ थांबवून परत पीडीएफवर यायचं, आणि पान तिथंच असतं. निघताना कार्ड काढून वहीच्या कव्हरमध्ये ठेवते. हे दीड वर्ष चाललंय. तात्यांना माहीत आहे का? असणारच, सामाईक भिंत आहे. ते विचारत नाहीत आणि आम्ही सांगत नाही. काकी अधूनमधून आमच्याकडे भाकरीचं पीठ पाठवतात, त्याचंही कारण कुणी विचारत नाही.

आता ती बारावीत आहे. बोर्ड झालं की सीईटी. परवा तात्यांचा मला फोन आला, बऱ्याच वर्षांनी स्वतःहून. आधी पाऊसपाणी, मग हरभऱ्याला आलेली घाटी, आणि मग, "नवा मोबाईल घ्यावा म्हंतोय. चार जीबीचा कितीला पडंल?" चार हा आकडा त्यांनी स्वतः उच्चारला, मी ऐकून घेतलं.

आणि नेमका याच वेळी हिशेब अवघड झालाय. २०२५च्या अखेरीपासून जगभर मेमरी चिपांचे भाव चढत गेले. एआयच्या डेटा सेंटरांना प्रचंड मेमरी लागते, कारखाने आधी त्यांची मागणी पुरवतात, कारण पैसा तिथं जास्त. महागड्या फोनच्या किमतीत ही वाढ जिरून जाते. सात-आठ हजारांच्या फोनमध्ये ती जिरायला जागा नसते. तिथं एकतर किंमत वाढते किंवा रॅम कमी होते. आमच्या टीममध्ये याच महिन्यात एआयवर एक सादरीकरण झालं. सगळे खूश होते, मीही होते, काम छानच झालं होतं. फक्त मेमरीच्या खर्चाची स्लाइड आली तेव्हा मला उगाच काकींची काटवट दिसली.

तात्यांना मी सांगितलं, थोडं थांबा, दोन-तीन फोन बघून सांगते. ते म्हणाले, "थांबतो की. पण हप्ता पडायच्या आत सांग, न्हायतर पैसं खताला जात्यात."

रात्री धाकटीचा मेसेज आला, आप्पांच्या फोनवरून. तिनं फोन कसा हवा त्याची यादी केली होती. ४ जीबी, जमलं तर ६. कार्डाची जागा पाहिजेच. कॅमेरा कसाही चालेल. बॅटरी दिवसभर, कारण दिवसा पप्पांकडे असणार. आणि शेवटी: "टाइप-सी बघ ताई, म्हणजे तुमच्याकडं आले तर चार्जर आणायला नको."